हॉबिटन (मटामाटा, न्यूझीलंड) : आईबाबा आणि सहा वर्षांच्या मुलासह एका दिवसात नीट पाहून होईल का?

सहलीची_वही

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या अखेरीस आम्ही पाच जण पुण्याहून न्यूझीलंडला जातोय. नवरा आणि मी, मुलगा (वय ६), बाबा (७१) आणि आई (६७). मुक्काम ऑकलंडला, गाडी भाड्याने घेणार. एक दिवस हॉबिटनसाठी, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमांसाठी शेतात उभारलेल्या गावाच्या सेटसाठी ठेवलाय. काही गोष्टींचा उलगडा होत नाहीये.

ऑकलंडहून सकाळी निघून रात्री परत येणं शक्य आहे का, की दमछाक होईल? बाबांचा एक गुडघा बदललेला आहे. सपाटीवर पाऊण तास आरामात चालतात, चढ लागला की थांबत थांबत. तिथे चढ किती आहे? आई शाकाहारी, अंडंही नाही. तिला तिथे काय खायला मिळेल, आणि घरून डबा, फराळ नेता येईल का? तिकीट बरंच महाग दिसतंय. आत घरं खरी आहेत की नुसती दारं? आईबाबांनी ते सिनेमे पाहिलेले नाहीत, त्यांना त्यात रस वाटेल का? जाणकारांनी सांगावं.

वायकाटोकर

ऑकलंडहून जाऊन-येऊन होतं. पण काय होऊ शकतं ते आधी लक्षात घ्या.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे तिथे आपापलं हिंडता येत नाही. हे खासगी शेत आहे आणि सेट सार्वजनिक रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. ठरलेल्या वेळेची टूर घ्यावी लागते. बकलँड रोडवर 'शायर्स रेस्ट' नावाचं ठिकाण आहे, तिथे गाडी लावायची. त्यांच्या बसमधून शेतातून सेटवर जायचं आणि गाइडबरोबर फिरून त्याच बसने परत यायचं. सगळं मिळून साधारण अडीच तास. जीपीएसमध्ये नुसतं 'हॉबिटन' किंवा 'मटामाटा' टाकू नका. 'शायर्स रेस्ट, ५०१ बकलँड रोड, हिनुएरा' टाका. मटामाटा गावात पोचून तिथून पुन्हा शेताकडे वळण्यात वेळ जातो आणि टूर चुकते. उशीर झाला तर पुढच्या बसमध्ये जागा असेलच असं नाही, आणि चुकलेल्या टूरचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.

मटामाटा गावातल्या पर्यटक केंद्रापासूनही बस मिळते. पण तो पर्याय बुकिंग करतानाच निवडावा लागतो. तुमच्याकडे गाडी आहे, म्हणजे थेट शायर्स रेस्ट.

ऑकलंड शहरापासून अंतर १६५ किलोमीटरच्या आसपास, वेळ दोन तास. रस्ते दोन. पहिला म्हणजे हायवे १ ने सरळ दक्षिणेला. वायकाटो एक्स्प्रेसवे २०२२ मध्ये पूर्ण झाल्यापासून हॅमिल्टन शहरात शिरावं लागत नाही. त्यावर बहुतेक ठिकाणी ताशी ११० ची मर्यादा आहे. केंब्रिजच्या पुढे पियारेरेला हायवे २९ वर डावीकडे वळलं की थोड्याच वेळात हिनुएरा. दुसरा रस्ता बॉम्बे हिल्सपाशी हायवे १ सोडून हायवे २ ने, मग मांगाटाराटाला हायवे २७ धरून मटामाटा. (हो, गावाचं नाव खरंच बॉम्बे. १८६३ मध्ये 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून आलेले लोक तिथे वसले, म्हणून. बाबांना पाटीचा फोटो नक्की हवा असेल.) पाच जणांनी भरलेली गाडी आणि नवखा चालक असेल तर पहिला रस्ता घ्या. दुसऱ्यावर एकेरी मार्गिका जास्त. दुधाचे टँकर आणि बोटी ओढणाऱ्या गाड्यांच्या मागे अडकायला होतं, आणि मग ओव्हरटेकचा मोह.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून, तेवढं बरं. पण सवयी वेगळ्या. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि इथे तो नियम खरोखर पाळतात. तुमच्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही. खेड्यात एकपदरी पूल लागतात. पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याचा हक्क आधी. मागे रांग लागली तर सोयीची जागा पाहून डावीकडे घ्या आणि लोकांना जाऊ द्या. महाराष्ट्राच्या स्मार्टकार्ड लायसन्सवर इंग्रजी मजकूर असतो, ते चालतं. फक्त मूळ कार्ड जवळ हवं, फोनमधला फोटो नको. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट किंवा बूस्टर कायद्याने सक्तीचं. गाडी बुक करतानाच ते मागून ठेवा. ऐन वेळी काउंटरवर संपलेलं असतं.

आता तुमच्या तारखा. एप्रिलमध्ये तिथे शरद ऋतू. गर्दी जानेवारीपेक्षा कमी, पण दोन गोष्टी तपासा. एक, एप्रिलमध्येच तिथल्या शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते. दरवर्षी तारखा थोड्या सरकतात. दोन, २५ एप्रिल हा अँझॅक डे, सैनिकांच्या स्मरणाची सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी दुपारी एकपर्यंत बहुतेक दुकानं कायद्याने बंद असतात. त्या दिवशी जात असाल तर पाणी-खाणं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. लांब वीकेंडला ऑकलंडमधून बाहेर पडायलाच तासभर जास्त लागतो.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यामुळे महिनाअखेरीस सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. तुम्ही तीनची टूर घेतली तर शेवटचा भाग सावल्यांत आणि परतीचा प्रवास काळोखात. सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यानची टूर घ्या. त्याहून आधीची नको. शरदात वायकाटोच्या सखल भागात सकाळी दाट धुकं उतरतं. सेटवर ते सुंदर दिसतं, पण हायवेवर गाडी पन्नासवर येते आणि वेळेचं गणित कोलमडतं. ऑकलंडहून साताला निघा. शहरातली सकाळची मुख्य कोंडी शहराकडे येणाऱ्या बाजूला असते, तुम्ही उलट दिशेला.

विमानातून उतरलेल्या दिवशी हॉबिटन ठेवू नका. भारतातून थेट विमान नाही. वाटेत एक बदल धरून अख्खा दिवस जातो. त्यावर साडेसहा तास पुढचं घड्याळ. अशा अवस्थेत दोन तास गाडी चालवणं धोक्याचं आहे.

तिकीट मोठ्या माणसाला सुमारे १२० न्यूझीलंड डॉलर. दर बदलतात, बुक करताना त्यांच्या साइटवरचाच धरा. मुलाचा दर वेगळा, पण त्याची जागाही बुकिंगमध्ये मोजावी लागते. पाच जणांना एकाच बसमध्ये जागा हवी, म्हणून निदान तीन-चार आठवडे आधी घ्या.

पडद्यामागे

घरं खरी की दारं, याचं उत्तर देतो. ते कळलं की तिकिटाचे पैसे कशाचे आहेत तेही कळेल.

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या मंडळींनी हवाई पाहणी करताना हे शेत पाहिलं. १२५० एकरांचं मेंढ्यांचं आणि गुरांचं शेत, अलेक्झांडर कुटुंबाचं. हिरव्या टेकड्या, तळं, तळ्याकाठी एक मोठा पाइन. आणि मुख्य म्हणजे कुठेही विजेचा खांब, तार, इमारत किंवा रस्ता नजरेत येत नाही. कॅमेऱ्याला हीच गोष्ट सगळ्यात दुर्मीळ. सेटसाठी त्यातले १२ एकर घेतले. मार्च १९९९ मध्ये काम सुरू झालं. न्यूझीलंडच्या लष्कराने आतपर्यंत दीड किलोमीटरचा रस्ता करून दिला, नाहीतर अवजड यंत्रं टेकड्यांपर्यंत पोचलीच नसती. डिसेंबर १९९९ ला शूटिंग सुरू होऊन साधारण तीन महिने चाललं. ऐन भरात ४०० माणसं त्या शेतात होती.

तेव्हा ३९ हॉबिट-घरं (हॉबिट म्हणजे गोष्टीतली बुटकी माणसं, टेकडीत घर करून राहणारी) केली होती, आणि ती सगळी तात्पुरती. प्रक्रिया न केलेलं लाकूड, प्लायवुड, थर्माकोल. गिरणी आणि दुहेरी कमानीचा पूल म्हणजे परांचीवर प्लाय आणि थर्माकोल लावून चिकटवलेला, रंगवलेला देखावा. शूटिंग संपल्यावर जमीन होती तशी करून द्यायची असाच करार होता. पाडकामही सुरू झालं, पण पावसापाण्याने ते मध्येच थांबलं आणि १७ घरांच्या दर्शनी बाजू तशाच राहिल्या. नुसते पांढरे प्लायचे तुकडे, टेकडीला गोल भोकं. २००२ मध्ये टूर सुरू झाल्या त्या त्यांच्यावर! लोक पैसे देऊन ती भोकं पाहायला येत होते.

आज दिसतं ते याच्या नंतरचं. २००९ मध्ये 'द हॉबिट' या नंतरच्या सिनेमांसाठी सेट पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा या वेळी तो कायमचा असावा असं ठरवूनच बांधला. दोन वर्षं लागली. ४४ घरं. विटा, टिकाऊ लाकूड, पक्का पूल. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे शूटिंग झालं फक्त १२ दिवस! १२ दिवसांच्या शूटिंगसाठी दोन वर्षांचं बांधकाम हा हिशेब पर्यटनाशिवाय जुळतच नाही. ग्रीन ड्रॅगन हा गुत्ता २०१२ मध्ये उघडला. तो खरा चालता आहे, देखावा नाही.

तर दारांमागे काय? टेकडीत थोडं कोरलेलं, पुढे लाकडी-विटांची भिंत, वर माती आणि खरं गवत. घरांच्या आतले सगळे प्रसंग वेलिंग्टनच्या स्टुडिओत चित्रित झाले, त्यामुळे इथे आत खोल्या असण्याची गरजच नव्हती. बहुतेक दारं उघडत नाहीत. कित्येक वर्षं लोकांची हीच तक्रार असायची. डिसेंबर २०२३ मध्ये 'बॅगशॉट रो' वरची दोन घरं आतून पूर्ण सजवून खुली केली. स्वयंपाकघर, निजायची खोली, भांडीकुंडी, पलंग. वस्तूंना हात लावता येतो. तुमच्या मुलासाठी ही टूरमधली सर्वात मोठी गंमत ठरेल. तिथे गट आत-बाहेर करायला वेळ लागतो, तेव्हा रांगेत पुढे-मागे ढकलाढकली करू नये.

आता डोळे उघडे ठेवून पाहायची गोष्ट. घरं एकाच मापाची नाहीत. काही माणसाच्या मापाच्या जवळ, काही साधारण साठ टक्के मापाची. हॉबिट माणसाच्या निम्म्या-अर्ध्या उंचीचे दिसायला हवेत आणि गॅन्डाल्फ हा जादूगार भलामोठा. मग उंच पात्र दाखवायचं तेव्हा ते लहान दारापुढे उभं करायचं. हॉबिटचं काम करणारा नट दाखवायचा तेव्हा मोठ्या दारापुढे. डोळा दारावरून माणसाचं माप काढतो, त्यामुळे फसतो. हे समजलं की फोटो नुसते 'दारापुढे उभे' राहत नाहीत. बाबांना लहान दाराजवळ उभं करा, मुलाला मोठ्या दाराजवळ, आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा. डोळ्याच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत जमीन जास्त येते आणि फसवणूक उघडी पडते. कोणतं दार कोणत्या मापाचं ते गाइडला विचारा, ते आनंदाने सांगतात.

बॅग एंडच्या, म्हणजे बिल्बो या हॉबिटच्या घराच्या डोक्यावरचं ओकचं झाड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते खोटं आहे. पहिल्या सेटच्या वेळी मटामाटाजवळचा एक खराखुरा ओक तोडून, फांद्यांना नंबर घालून, टेकडीवर पुन्हा जोडला होता. वजन २६ टन. पानं मात्र तैवानहून मागवलेली, कृत्रिम, एकेक तारेने बांधलेली. 'द हॉबिट' च्या वेळी गोष्टच साठ वर्षं आधीची, म्हणून झाड लहान हवं. तेव्हा पोलाद आणि सिलिकॉनचं नवं झाड उभं केलं. शूटिंगच्या तोंडावर पानांचा रंग जॅक्सनला पटेना, म्हणून पानं पुन्हा रंगवली. उलट त्याच आवारातली भाजीपाल्याचे वाफे, फुलं, फळझाडं खरी. त्यांची निगा राखायला माळी आहेत. गिरणीच्या आणि गुत्त्याच्या छपराचं गवतही याच शेतातल्या लव्हाळ्याचं. खरं-खोटं इतकं शेजारी शेजारी आहे की दर वळणावर ओळखण्याचा खेळ खेळता येतो.

आपल्याकडच्या जागांशी फरक सांगायचा तर, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर कितीही शूटिंग झालं तरी घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा आधीपासून आहेत, सिनेमा पाहुणा. हॉबिटनला सिनेमा आधी आणि गाव नंतर. म्हणूनच आईबाबांना 'जुनं गाव पाहायला चाललोय' असं सांगू नका, नाहीतर निराश होतील. 'सुतार, गवंडी, माळी आणि रंगारी यांनी मिळून केलेलं काम पाहायला चाललोय' असं सांगा. सिनेमे न पाहिलेल्यांनाही ते आवडतं. तरी शक्य असेल तर २००१ च्या पहिल्या भागाचा सुरुवातीचा अर्धा तास दाखवून न्या. बिल्बोच्या १११ व्या वाढदिवसाची मेजवानी त्यात आहे. ते पटांगण आणि तळ्याकाठचं झाड समोर दिसलं की ओळख पटते. पुढचे दहा तास पाहायची सक्ती नको.

सहलीची_वही

फार उपयोगी, दोघांचेही मनापासून आभार. बकलँड रोडचा पत्ता लिहून ठेवला. बाबांच्या चढाचं आणि खाण्याचं कोणी सांगेल का? आणि मोठ्यांच्या तिकिटात पेय धरलेलं आहे असं वाचलं, ते फक्त बिअर असतं का? आमच्यात कोणी घेत नाही.

पाटावरवंटा

पेय तिकिटात असतं. चार प्रकार असतात: एल आणि स्टाउट (या दोन्ही बिअरच), सायडर आणि जिंजर बिअर. जिंजर बिअरच्या नावात बिअर असलं तरी त्यात मद्य नसतं. आल्याचं तिखटसर, गोड, फसफसणारं पेय. आईबाबांनी आणि मुलानेही निर्धास्त घ्यावं. सायडर मात्र सफरचंदाचं असलं तरी मद्यच, ते फळांचा रस समजून कोणी उचलू नये. जो गाडी चालवणार त्याने जिंजर बिअरच घ्यावी. इथे वीस वर्षांवरच्यांना रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पोलिस कुठेही थांबवून श्वास तपासतात, आणि समोर दोन तासांचा रस्ता आहे.

गुत्त्यात पाय (pie, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ), स्कोन (छोटा, भुसभुशीत पाव), मफिन अशा गोष्टी विकत मिळतात. पाय म्हणजे बहुधा मांसाचा, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. अंड्याचं जास्त सांभाळावं लागेल. मफिन आणि केकमध्ये अंडं असतंच. पायच्या आणि पेस्ट्रीच्या कवचाला वरून चकाकी यावी म्हणून अंडं फासतात, त्यामुळे भाजीचा पायसुद्धा आईंना चालेल असं गृहीत धरू नका. स्कोनमध्ये पुष्कळदा अंडं नसतं, पण कृती जागोजागी बदलते. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की तिथे अंडं चालतं असाच अर्थ घेतात. 'नो मीट, नो फिश, नो एग, डेअरी इज ओके' असं चारही तुकड्यांत सांगा. आणि गुत्त्यातला थांबा लहान असतो, त्यात जेवण उरकायचा बेत नको. जेवण टूरच्या आधी किंवा नंतर.

सगळ्यात सोपं म्हणजे राहत्या जागी सकाळी पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करून घेणं. कणीक, डाळी, मसाले ऑकलंडच्या भारतीय दुकानांत सहज मिळतात. सँडरिंगहॅम भागात तर अख्खा रस्ता आहे. डबा गाडीत ठेवा, शायर्स रेस्टला टूरच्या आधी किंवा वाटेत एखाद्या विश्रांतीच्या जागी खा.

आता भारतातून फराळ आणण्याबद्दल, इथेच लोक चुकतात. न्यूझीलंडचा जैवसुरक्षा कायदा कडक आहे, कारण हा देश शेतीवर आणि दुधावर जगतो. नियम एकच लक्षात ठेवा: खाण्याची प्रत्येक गोष्ट जाहीर करायची. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती फक्त टाकून देतात, दंड नाही. जाहीर न केलेली सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, मग ती एक संत्र्याची फोड असो. प्रवासाआधी ऑनलाइन भरायचं 'ट्रॅव्हलर डिक्लरेशन' मोफत आहे. त्यात खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला 'हो' लिहा. आईबाबांचे फॉर्म तुम्ही भरणार असाल तर त्यांच्या बॅगेत काय आहे ते स्वतः उघडून पाहा. पर्समधली बडीशेप, सुपारी, आवळ्याची डबी हमखास राहते.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मध नको. पेढे, बर्फी, खवा असलेलं काही नको. भारतात गुरांचा लाळ-खुरकुत रोग आहे आणि तिथे नाही, त्यामुळे दुधाच्या पदार्थांवर त्यांची बारीक नजर. लाडू तुपाचे असतात, त्यामुळे तिथे प्रश्न येऊ शकतो. ते सोडूनच द्या. चकली, शेव, पोह्याचा चिवडा, भाजलेला शेंगदाणा अशा कोरड्या, तळलेल्या-भाजलेल्या गोष्टी शक्यतो कंपनीच्या बंद पाकिटात, नाव आणि घटक छापलेल्या असाव्यात. घरी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत काय आहे हे अधिकाऱ्याला समजावत बसण्यात तास जातो.

बुटांचंही सांगते. तुम्ही शेतावर जाणार आहात. तळाला माती, गवत चिकटलेले बूट जाहीर करावे लागतात. पुण्याहून निघण्याआधी तळवे ब्रशने घासून, धुऊन, वाळवून घ्या. सिंहगड चढलेले बूट असतील तर आवर्जून.

वायकाटोकर

बाबांच्या चढाचं मी सांगतो. वाटा खडीच्या आहेत, डांबरी नाहीत. टूर सुरुवातीला घरांच्या मधून वळत वळत वर चढते आणि बॅग एंडपर्यंत जाते. हाच मुख्य चढ. तिथून पुढे उतार. पार्टी ट्रीचं, म्हणजे तळ्याकाठच्या त्या मोठ्या पाइनचं पटांगण, मग तळ्याकाठाने पूल आणि गिरणी, शेवटी ग्रीन ड्रॅगन. तिथून मग बसने परत. एकूण चालणं फार नाही, पण उभं राहणं पुष्कळ. गाइड प्रत्येक थांब्यावर बोलतो, लोक फोटो काढतात. बदललेल्या गुडघ्याला चढापेक्षा हे उभं राहणंच जड जाईल. घडीची काठी, ज्यावर टेकता येईल अशी, जरूर न्या. खडीच्या उतारावर तीच उपयोगी, कारण कृत्रिम गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरताना पाय घसरण्याची भीती जास्त.

बुकिंगनंतर लगेच त्यांना ईमेल करून बाबांबद्दल कळवा. त्या दिवशी बसमध्ये चढतानाच गाइडलाही सांगा. गट मोठा असतो, चाळीसच्या आसपास, आणि मागे दुसरा गट येत असतो. त्यामुळे गाइड वाट पाहत बसू शकत नाही. एक युक्ती करा. चढावर बाबा गटाच्या पुढच्या टोकाला, गाइडच्या शेजारी चालू देत. थांबत थांबत गेले तरी ते गटाच्या मधोमध येतील, मागे पडणार नाहीत. मागून चालू लागले तर वर पोचेपर्यंत गाइडचं बोलणं संपलेलं असतं आणि त्यांना विसावाही मिळत नाही. प्रसाधनगृह शायर्स रेस्टलाच उरकून बसमध्ये बसा.

पाऊस आला तरी टूर होते. छत्र्या तिथे ठेवलेल्या असतात. तरी आईबाबांना छत्रीपेक्षा टोपीचं रेनजॅकेट बरं, हात काठीला मोकळा राहतो. एप्रिलअखेर दिवसा १८ अंशांच्या आसपास, सकाळी आठ-नऊ. एकावर एक कपडे घाला. ऊन कोवळं वाटलं तरी टोपी आणि सनस्क्रीन हवंच. ड्रोन नेऊ नका.

आडवाट

बाकी सगळं पटलं, पण ऑकलंडहून जाऊन-येऊन करण्याला माझा विरोध. चार तास गाडी, अडीच तास टूर, आणि त्यात सत्तरीचे दोघे नि एक सहा वर्षांचं पोर. शरदात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, दुपारी जरा रेंगाळलात तरी परतीचा निम्मा रस्ता काळोखात. हॉबिटनपासून रोटोरुआ तासाभराच्या आत आहे, टौरंगाही तेवढ्याच अंतरावर. ऑकलंड सोडून रोटोरुआला जायच्या दिवशी वाटेत हॉबिटन ठेवलं तर तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. सामान डिकीत राहील, तेवढं नजरेआड झाकून ठेवा, पासपोर्ट सोबत घ्या.

दिवस असा लावा. ऑकलंडहून आठला निघायचं, अकरा-साडेअकराची टूर, दोनपर्यंत डबा. मग पुटारुरूजवळचा ते वाइहोऊचा निळा झरा. पाणी मामाकूच्या पठारावरून जमिनीखालून मुरत येतं आणि त्याला पन्नास ते शंभर वर्षं लागतात असं तिथे सांगतात. बारमाही ११ अंश, आणि इतकं नितळ की तळाची वनस्पती हलताना दिसते. त्यात उतरायला बंदी आहे, पाय बुडवायलाही जाऊ नका. लेस्ली रोडच्या बाजूने गेलं तर थोडक्यात झऱ्यापाशी पोचता येतं. दुसऱ्या टोकाची व्हाइट्स रोडची वाट लांब आहे, तिथून बाबांना नेऊ नका. तिथून रोटोरुआ जवळच, उजेडात पोचाल.

मटामाटाजवळ वायरेरे धबधबाही आहे, १५३ मीटरचा, उत्तर बेटावरचा सर्वात उंच. पण खालच्या दर्शनबिंदूपर्यंतच पाऊण तास चढ, दगड आणि मुळांमधून. बाबांसाठी नाही. तुम्ही दोघांपैकी एकाने जायचं म्हटलं तर बाकीच्यांना पार्किंगमध्ये दीड-दोन तास बसावं लागेल, म्हणून या सहलीत सोडाच.

वायकाटोकर

आडवाट यांचा बेत माझ्यापेक्षा चांगला आहे. रोटोरुआ तुमच्या यादीत असेल तर तसंच करा. फक्त भाड्याची गाडी ऑकलंडलाच परत द्यायची की रोटोरुआला, हे आधी ठरवा. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडली तर वेगळा आकार लागू शकतो. आणि पाच जण, मोठ्या बॅगा, बूस्टर सीट हे साध्या सेडानमध्ये बसत नाही. सात आसनी घेऊन मागची दोन आसनं पाडा.

सहलीची_वही

रोटोरुआचे दोन मुक्काम आधीच धरले होते, हॉबिटन उगाच ऑकलंडला जोडलं होतं. आता वाटेवर घेतलं. सव्वाअकराची टूर मिळतेय, पाचही जागा एका बसमध्ये. बाबांसाठी ईमेल आज करते. लाडवांचा डबा आईच्या यादीतून काढायचाय, ते काम सर्वात अवघड आहे.

पाटावरवंटा

आईंना सांगा, बेसन ऑकलंडमध्येही मिळतं आणि लोणीही. तिथेच कढवून, तिथेच वळा. ऑकलंडला दोन दिवस असाल तर राहत्या जागी स्वयंपाकघर आहे ना, तेवढं बुकिंगमध्ये पाहून घ्या.